खोगीरभरती



मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघतांना सामान कशांत भरावें, हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं जणांना हंसूं आलें असेल. प्रवासावर बोलावयाचें तर डोंगर, दऱ्या, देवळें, माणसें यांच्यावर बोलावें. पिशव्यांवर पाव तास काय बोलणार, असें वाटणें स्वाभाविक आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मलाही तसेंच वाटलें असतें. परंतु पिशव्यांच्या निवडींत झालेल्या एका चुकीनें माझ्या सख्ख्या भाच्याचा पाय मोडला, आणि ती चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. तेव्हांपासून या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टि पालटली. ती हकीकत पुढें ओघानें येईलच.

मी राहतों काशीदला. अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लई, बोर्ली करीत समुद्राच्या कडेनें काशीदला येतो. एका अंगाला फणसाड अभयारण्याचे डोंगर, दुसऱ्या अंगाला सुरूची राई आणि तिच्यापलीकडे पांढरी वाळू. ही राई २०२० च्या जूनमधील निसर्ग चक्रीवादळानें पुष्कळ विरळ केली, तरी पाहुण्यांची गर्दी कांहीं विरळ झालेली नाहीं. पावसाळा सरला कीं दर शनिवारीं सकाळीं मुंबई-पुण्याकडच्या मोटारसायकलींची रांग माझ्या पडवीसमोरून जाऊं लागते. मुंबईची मंडळी २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावर गाडीसकट बोटींत चढतात आणि मांडव्याला उतरतात. पुण्याची मंडळी खोपोलीचा घाट उतरून पेण आणि कार्ले खिंड या वाटेनें येतात. यांपैकीं निम्म्यांना काशीदपुढें जावयाचेंच नसतें. उरलेल्यांना मात्र काशीद हा मोठ्या प्रवासांतला पहिला मुक्काम असतो. कोणी गोव्याला निघालेला, कोणी कन्याकुमारीला, तर कोणी उन्हाळ्यांत लडाखला जावयाचें म्हणून आधीं थोडा सराव करून पाहणारा.

मी स्वतः तीस वर्षें मोटारसायकल चालविली आहे. त्यामुळें माझें लक्ष गाडीपेक्षां तिच्या पाठीकडे अधिक जातें. काय एकेक बिऱ्हाडें पाहावयास मिळतात! एखादा कॉलेजांतील मुलगा पाठीवर भलीमोठी सॅक बांधून, वांकून बसलेला असतो. शंभर किलोमीटरांत त्याचे खांदे भरून येतात आणि पडलाच तर तेंच ओझें पाठीच्या कण्यावर येतें, हें त्याच्या गांवींही नसतें. एखाद्या जोडप्याच्या गाडीला दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या, मागें टॉप बॉक्स, आणि शिवाय बाईंच्या मांडीवर एक पिशवी. एखाद्यानें तर बाजूच्या नळ्यांच्या चौकटीला पेट्रोलचे दोन कॅन टांगलेले असतात, जणूं अलिबाग आणि मुरुड यांच्या दरम्यान वाळवंट आहे! या चौकटीला बाजारांत लडाख कॅरियर म्हणतात. लडाखच्या ओसाड रस्त्यांवर जादा पेट्रोल न्यावें लागतें, म्हणून तें नांव. पण नांवाबरोबर कॅनही घेतलेच पाहिजेत असा पुष्कळांचा समज झालेला दिसतो.

वास्तविक आपल्या भाषेला हा विषय मुळींच नवा नाहीं. घोड्याच्या पाठीवरून दोहों अंगांना लोंबणाऱ्या जोडपिशवीला खुर्जी म्हणत. तशीच लहान पिशवी माणसानें खांद्यावर टाकली कीं ती पडशी. लमाणांचे तांडे बैलांवर गोणी लादून धान्य आणि मीठ घाटांतून नेत-आणीत. या साऱ्या मंडळींना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. दोन्ही अंगांचा भार सारखा पाहिजे. आणि ओझें जनावराच्या पाठीवर बसलें पाहिजे, शेपटीवर नव्हे. बैलगाडींत मागच्या अंगाला भार जास्त झाला म्हणजे पुढची बाजू वर उचलूं लागते. गाडी उलाळ झाली, असें शेतकरी म्हणतो आणि खालीं उतरून एखाददुसरें पोतें पुढें सरकवितो. मोटारसायकलही अशीच उलाळ होते. फरक एवढाच कीं तें डोळ्यांना दिसत नाहीं, हातांना कळतें. आणि हातांना कळेपर्यंत कधीं कधीं फार उशीर झालेला असतो.

याचें कारण सोपें आहे. मागच्या चाकाचा आंस हा तराजूचा टेकू समजा. त्या आंसाच्या मागें आपण जें कांहीं टांगूं, तें पुढच्या चाकावरचा भार तितका कमी करतें. जितकें मागें टांगूं, तितका परिणाम अधिक. पुढचें चाक हलकें झालें म्हणजे वळणावर त्याची पकड सुटूं लागते आणि वेग वाढला कीं हँडल थरथरूं लागतें. तेंच वजन उंचावर असेल तर गाडी एका अंगाला कलूं लागतांच तिला सांवरणें जड जातें. टॉप बॉक्स हा या दोन्ही दृष्टींनीं सर्वांत वाईट जागीं बसलेला असतो, सर्वांत मागें आणि सर्वांत उंच. म्हणून त्याचे निर्माते त्यावर वजनाची मर्यादा छापतात. ती बहुधा दहा किलोंच्या आंतच असते, कांहींवर तर अवघी तीन किलोंची. परंतु पेटी दिसते ऐसपैस. आणि ऐसपैस पेटीला मर्यादा वाचून दाखविणारा घरांत कोणी नसतो.

खोगीर फुगवून मऊ करण्यासाठीं आंत जो चिंध्या-गवताचा भरणा करीत, त्यावरून आपल्याकडे खोगीरभरती हा शब्द आला. निरुपयोगी माणसांच्या किंवा शब्दांच्या गर्दीला आपण तो लावतों, पण मला तो मोटारसायकलच्या पेट्या पाहून वारंवार आठवतो. रिकामी जागा माणसाच्यानें ठेववत नाहीं. वीस लिटरांची पिशवी घेतली तर वीस लिटरांचें सामान निघतें आणि चाळीस लिटरांची घेतली तर चाळीस लिटरांचें. म्हणून पिशवी आधीं घेऊन मग सामान जमवूं नये. सामान आधीं चटईवर मांडावें, त्यांतून निम्मेंअधिक परत कपाटांत ठेवावें, आणि उरलेलें घेऊन, होय, तें घेऊनच दुकानांत जावें. दुकानदार हंसेल, हंसूं द्यावें.

आतां माझ्या भाच्याची हकीकत. २०१८ च्या डिसेंबरांत तो किनाऱ्याकिनाऱ्यानें कन्याकुमारीपर्यंत जाण्याचें ठरवून पुण्याहून निघाला. त्याआधीं दोन महिने त्यानें मला विचारलें होतें, "मामा, कापडी सॅडल बॅगा घेऊं कीं पेट्या? तुम्ही सांगाल तें घेतों." मीं क्षणाचाही विचार न करतां उत्तर दिलें, "पेट्या घे. कुलूप लागतें, मग काळजी नको." वास्तविक मीं जन्मभर कापडी पिशव्याच वापरलेल्या. पण एकदां एका खानावळीपुढून माझ्या पिशवींतला कॅमेरा गेला होता. तें शल्य मनांत होतें, आणि त्या शल्यानेंच तो सल्ला दिला. मुलानें ऐकलें. ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या, त्या अडकविण्याची लोखंडी चौकट आणि वर टॉप बॉक्स असा सरंजाम त्यानें चांगले पैसे मोजून घेतला.

काशीदला तो आला तेव्हां मीं त्या पेट्यांचें कौतुकच केलें. रात्रीं जेवणें झाल्यावर, सहज गंमत म्हणून, आम्हीं पडवींत ताणकांटा टांगून एकेक पेटी तोलली. बाजूच्या दोन मिळून ३१ किलो भरल्या, टॉप बॉक्स ९ किलो. त्यांपैकीं माझ्या बहिणीनें दिलेला फराळाचा डबाच तीन किलोंचा होता. चौकटीचें लोखंड वेगळेंच. आंकडे ऐकून मी कांहीं बोललों नाहीं. बोलावयास हवें होतें. त्याच्या डोळ्यांतला उत्साह पाहून मला जीभ उचलवेना, एवढेंच खरें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याला पोहोंचविण्यासाठीं मीही माझी गाडी काढून मुरुडमार्गें आगरदांड्याच्या धक्क्यापर्यंत गेलों. तेथून फेरीबोट गाड्या घेऊन दिघीला जाते. ओहोटीची वेळ होती. उतरत्या धक्क्याचा खालचा भाग ओला आणि निसरडा झाला होता. पुढें एक मोटार अडली म्हणून भाच्यानें ब्रेक लावला आणि डावा पाय टेकला. पाय थोडा सरकला, पण गाडी पूर्ण थांबली नव्हती. ती हातभर पुढें गेली, आणि मागून येणारी पेटीची कड त्याच्या पोटरीवर बसली. कापडी पिशवी असती तर ती दबली असती. पेटी दबत नाहीं. तिनें पाय तसाच खालीं ओढला आणि गाडी त्याच्यावर आडवी झाली. बोटीवरचे खलाशी आणि मी अशा चौघांनीं मिळून ती उचलली, तेव्हां पाय मोकळा झाला. घोट्याजवळ दोन ठिकाणीं हाड मोडलें होतें. पेटीला मात्र साधा पोंचाही आला नव्हता, आणि कुलूप जसेंच्या तसें लागलेलें होतें.

बहिणीला फोन मींच केला. ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "दादा, तुला विचारूनच घेतल्या होत्या ना रे त्यानें?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें.

यावरून पत्र्याच्या पेट्या सर्वथा टाकाऊ आहेत असें मी म्हणत नाहीं. एल्स्पेथ बीअर्ड ही इंग्रज तरुणी १९८२ ते १९८४ या काळांत एकटी मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. आपला भारतही तिच्या वाटेंत होता. तिनें ऑस्ट्रेलियांत मुक्काम असतांना ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या पेट्या स्वतःच्या हातांनीं बनवून घेतल्या. महिनोन् महिने एकटीनें परक्या शहरांत राहावयाचें, गाडी रस्त्यावर उभी करून आंत जावयाचें, अशा माणसाला कुलपाची किंमत कळते. डांबरी रस्ता, जड आणि मजबूत गाडी, रात्रीं हॉटेलांत मुक्काम, अशा प्रवासाला पेटी उत्तम. पण २००४ सालीं यूअन मॅक्ग्रेगर आणि चार्ली बूरमन या दोन नटांनीं लंडनहून पूर्वेच्या वाटेनें न्यूयॉर्कपर्यंत जो प्रवास केला आणि दूरचित्रवाणीवर दाखविला, त्यानंतर अशा पेट्यांची जगभर फॅशनच पडली. त्या चित्रपटांतला एक भाग मात्र पेट्या घेणाऱ्यांच्या फारसा ध्यानांत राहत नाहीं. मंगोलियांतल्या वाटांवर त्यांच्याबरोबरच्या छायाचित्रकाराच्या अवजड गाडीची चौकट तुटली, आणि त्याला पुढें नेलें तें तेथेंच विकत घेतलेल्या एका स्वस्त, हलक्या रशियन मोटारसायकलनें.

त्याहून जुनें उदाहरण रॉबर्ट फुल्टन या अमेरिकन तरुणाचें. तो १९३२ सालीं लंडनहून डग्लस मोटारसायकलवर निघाला आणि हिंदुस्थानांतून जात दीड वर्षानें अमेरिकेला पोहोंचला. पुढें १९३७ मध्यें निघालेल्या त्याच्या पुस्तकाच्या नांवाचा अर्थच एकट्या माणसाचा तांडा असा आहे. पण या तांड्याच्या ओझ्यांत मोठा वांटा होता चित्रपटाच्या फितीचा; चाळीस हजार फूट फीत त्यानें बरोबर घेतली होती. त्याला चित्रपट काढावयाचा होता, म्हणून ती त्याची खोगीरभरती नव्हती. वस्तूचें वजन किती याहून ती आपल्या प्रवासाच्या हेतूशीं बांधलेली आहे कीं नाहीं, हा प्रश्न मला मोठा वाटतो. चित्रें काढणाऱ्यानें रंग घ्यावेत. मीं घेतले तर ती भरती.

आतां कापडी पिशव्यांकडे वळूं. ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांची चौकट यांचें रिकामें वजनच पंधरा किलोंच्या पुढें जातें. कापडी जोडी तीन ते पांच किलोंत भागते. या फरकाचें महत्त्व हलक्या गाडीवर फार. आपल्याकडे सर्वत्र दिसणारी शंभर सी.सी.ची गाडी स्वतःच ११० किलोंच्या आसपास असते, ३५० सी.सी.ची १९० च्या घरांत. चालक, मागचा माणूस आणि सामान मिळून किती भार चालेल हें गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. तो आंकडा बहुधा दीडशें-पावणेदोनशें किलोंच्या आसपास असतो. दोन धट्टीकट्टी माणसें बसलीं कीं सामानाला काय उरतें याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. मर्यादा ओलांडली म्हणजे गाडी लगेच मोडते असें नव्हे. मागचा सांगाडा खड्ड्याखड्ड्यानें थकत जातो, आणि एक दिवस सांध्याशीं तडकतो.

एका माणसाला महिनाभरासाठीं पन्नास-साठ लिटरांची जागा पुरते. बाजूला पंधरा-वीस लिटरांच्या दोन पिशव्या आणि मागच्या आसनावर आडवी बांधलेली एक वळकटी, एवढें पुष्कळ झालें. पान्हे, पंप, जादा ट्यूब, पाण्याच्या बाटल्या हें जड सामान बाजूच्या पिशव्यांत, तळाशीं आणि पुढच्या अंगाला. कपडे आणि अंथरूण वळकटींत. दोन्ही बाजू काट्यावर तोलून सारख्या कराव्यात. सायलेन्सर ज्या अंगाला आहे तिकडची पिशवी त्यापासून चार बोटें तरी दूर राहिली पाहिजे; पिशवी रिकामी असतांना नव्हे, तर भरलेली असतांना आणि गाडी खड्ड्यांत दणकल्यावरही. जळक्या कापडाचा वास आल्यावर मागें वळून पाहणारे प्रवासी मीं कमी पाहिलेले नाहींत. सुटलेला पट्टा हा तर त्याहून वाईट. तो चाकांत किंवा साखळींत गेला तर गाडी जागच्या जागीं जखडते. म्हणून पट्ट्यांचीं टोंकें गुंडाळून आंत खोंचावीं. आंकड्यांच्या रबरी बंजी दोऱ्या मला पसंत नाहींत. त्या खड्ड्यांत ताणतात, आंकडा सुटतो, आणि सोडतांना हातून निसटला तर थेट डोळ्याकडे येतो. बकलाचा साधा पट्टा बरा.

किनाऱ्यावरच्या प्रवाशाला आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे खारी हवा. ती लोखंडी चौकटीच्या सांध्यांत शिरते, आणि बारीक वाळूच्या सोबतीनें पिशवीची चेन धरून ठेवते. रात्रीं औषध पाहिजे आणि चेन उघडत नाहीं, हा प्रसंग मीं अनुभवला आहे. चेनीवर मेणबत्ती घासल्यानें काम भागतें, पण मुळांतच चेनीऐवजीं तोंड तीनदां गुंडाळून बकल लावावयाची पिशवी घेतली तर ही अडचण राहत नाहीं, आणि पावसाचीही निम्मी काळजी मिटते. पिशवीवर वरून घालावयाचें पावसाळी आवरण मला फसवें वाटतें. वेग वाढला कीं तें फुग्यासारखें फुगतें, कधीं उडूनही जातें. उडालें नाहीं तर त्याच्या तळाशीं पाणी सांचतें आणि पिशवी खालून भिजते. त्यापेक्षां आंतल्या अंगाला जाड, पाणी न शिरणारी दुसरी पिशवी असावी. ती फिक्या रंगाची असली तर कंदिलाच्या उजेडांतही आंतली वस्तु सांपडते. शिवाय कापडी पिशवी फाटली तर कोणत्याही बाजारपेठेंतला मोची ती तासाभरांत शिवून देतो.

रुंदीचा विचार लोक सर्वांत शेवटीं करतात. आगरदांडा-दिघी ही पहिली खाडी. पुढें सावित्रीवर बागमांडल्याहून वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळहून धोपावें, शास्त्रीवर तवसाळहून जयगड, अशा आणखी तीन ठिकाणीं फेरीबोटींत गाडी चढवावी लागते. त्या दरम्यान गांवांतल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनीं जांभ्याचे गडगे, आणि समोरून एस्.टी. हँडल जेथून जातें तेथून गाडी जाईल, अशी आपल्या मनाची संवय असते. पेट्या हँडलाहून रुंद असल्या कीं ती संवय दगा देते. मागें बसवावयाच्या हलक्या पेटीबद्दल केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानें २०२० सालीं लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटर अशी कमाल मर्यादा घालून दिली, आणि ती मागच्या आसनाच्या जागीं बसविली असेल तर गाडीवर चालकाखेरीज दुसरें माणूस नको, असेंही सांगितलें. माल पोहोंचविणाऱ्या मुलांना हा नियम ठाऊक असतो, हौशी प्रवाशांना क्वचित्.

कुलपाचा प्रश्न उरतोच. माझा कॅमेरा गेला ही गोष्ट खोटी नव्हे. पण आज मी त्यावरून निराळें अनुमान काढतों. २०२५ सालीं एक मराठी तरुण मुंबईहून निघून सतरा देश ओलांडून इंग्लंडपर्यंत मोटारसायकलवर गेला, आणि ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅमच्या एका उद्यानापाशीं उभी केलेली त्याची गाडीच चोरांनीं नेली. तिच्याबरोबर पारपत्र, पैसे, लॅपटॉप, कॅमेरा सारें गेलें. वर्तमानपत्रांत ती बातमी वाचून मी फार वेळ सुन्न बसलों होतों. गाडीच नेणाऱ्यापुढें पेटीचें कुलूप काय करणार? ज्याच्यावांचून घरीं परत येतां येणार नाहीं, तें गाडीवर ठेवूंच नये. पारपत्र, थोडे पैसे, फोन, नेहमींचीं औषधें, हें कमरेच्या लहान पिशवींत, अंगावर. उरलेलें चोरीस गेलें तर दुःख होईल, प्रवास मोडणार नाहीं. पेट्रोलच्या टाकीवर बसणारी लहान पिशवी याच कामाची. गाडीवरून उतरतांना ती उचलून बरोबर नेतां येते. मात्र ती इतकी उंच नको कीं घाटांतल्या वळणावर हँडल तिला अडेल.

माझ्याकडे मुक्कामाला उतरणाऱ्या तरुण मंडळींना मी आतां एक गोष्ट आग्रहानें करावयास लावतों. लडाख किंवा कन्याकुमारी दूर आहे. काशीद ही त्याची रंगीत तालीम समजा. जें सामान तिकडे न्यावयाचें तें सारें, अगदीं तेंच, भरून या दोन दिवसांच्या फेरीला आणा. घाटाचीं वळणें, गांवोगांवचे गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे यांतून गाडी कशी चालते तें पाहा. मग माझ्या अंगणांत जुनी गोधडी अंथरून भरलेली गाडी हळूच तिच्यावर आडवी करा आणि कोणाची मदत न घेतां उभी करून दाखवा. समुद्राच्या वाळूंत हा प्रयोग नको. तेथें चाक रुततें, आणि खेळणाऱ्या पोरांत गाडी घालणें शोभतही नाहीं. दहांतल्या सहा-सात जणांना गाडी उचलत नाहीं. त्यानंतर रात्रीं पडवींत सामान उघडून जें तयारी होते, ती मात्र मनापासून होते. एका मुलानें इस्त्री परत पाठविली. एका बाईंनीं नवऱ्याच्या बुटांचे दोन जोड काढले आणि स्वतःचें वाद्य ठेवलें. मला तो निर्णय फार आवडला.

माझ्या भाच्याचा पाय दीड महिना प्लॅस्टरमध्यें होता. चालूं लागल्यावर वर्षभर त्यानें मोटारसायकलचें नांव काढलें नाहीं, आणि मीही काढलें नाहीं. मग २०२० च्या जानेवारींत तो एके संध्याकाळीं काही न कळवितां दारांत येऊन उभा राहिला. गाडी तीच होती. दोन्ही अंगांना पिशव्या होत्या, मातकट रंगाच्या, साध्या. मागें एक वळकटी. मीं कांहीं विचारण्याच्या आधींच तो म्हणाला, "मामा, तो ताणकांटा काढा." सारें मिळून १६ किलो भरलें. फराळाचा डबा होता, पण अर्ध्या किलोंचा. बहिणीनें बहुधा स्वतः तोलून दिला असावा.

सकाळीं मी पुन्हां आगरदांड्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलों. ओहोटी होतीच. उतारावर त्यानें पाय टेकला तेव्हां मीं दुसरीकडे पाहिलें. बोटीचा भोंगा झाल्यावर वळलों, तों तो कठड्याला टेकून उभा राहून हात हालवीत होता.

चारही खाड्या ओलांडल्यावर त्यानें फोन केले ते आईला. मला एकच केला, कन्याकुमारीहून. आपल्या त्या ॲल्युमिनियमच्या पेट्या त्यानें परत मागितल्या नाहींत, आणि मीही त्या विकल्या नाहींत. पडवींत खाटेखालीं आहेत. एकींत बियाणें असतें, दुसरींत वर्षाचीं आमसुलें. उंदीर लागत नाहींत.